मुंडणानंतरचं ऊन

समोरच्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थांचं डोकं उकडलेल्या बिटासारखं लाल होतं आणि त्यावर पुदिन्याचा वास येणारा पांढरा थर वाळून बसला होता.

"हे काय लावलंय?" मी विचारलं.

"टूथपेस्ट," ते शांतपणे म्हणाले. "थंड वाटलं."

"दातांना वाटतं. डोक्याची फक्त आग होते."

मी बिबवेवाडीत त्वचारोगांची डॉक्टर आहे. माझ्याकडे निम्मी माणसं केस गळतात म्हणून येतात. हे गृहस्थ सगळे केस स्वखुशीने देऊन आले होते. नाव गायकवाड, वय एकसष्ट, सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त. जवळच्या विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर चालू होतं. बौद्ध घरांतली माणसं अशा शिबिरात काही दिवस भिक्खूंचं आयुष्य जगतात. मुंडण करायचं, चीवर नेसायचं, ध्यानाला बसायचं, सकाळी भिक्षेच्या फेरीला जायचं, दुपारी बारानंतर जेवायचं नाही. शिबिर मे महिन्यात ठेवतात, कारण तेव्हा सगळ्यांना सुट्टी असते. उन्हाला मात्र नसते.

सोबत त्यांची मुलगी स्नेहल होती, बँकेत नोकरी करणारी. अंगावर चीवर असेपर्यंत वडिलांनाही भन्ते म्हणायचं, अशी रीत. रागाच्या भरात तिला ते जमत नव्हतं.

"भन्ते, काल अंगात कणकण होती ते सांगा ना. पप्पा, सांगा."

मी सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज डोक्यावर ठेवून टूथपेस्ट भिजवत बसले. थर हळूहळू सुटत गेला आणि खाली पाण्याने भरलेले फोड दिसायला लागले. कानांच्या वरच्या कडाही सोलल्या होत्या. उन्हाने भाजणं म्हणजे खरोखरचं भाजणं, हे लोकांना पटत नाही. नुसती लाली असेल तर ते वरवरचं. फोड आले की इजा आणखी खाली गेली असं समजायचं. या टाळूने जवळजवळ सगळं आयुष्य केसांच्या सावलीत काढलं होतं आणि एका सकाळी तिला थेट पुण्याच्या मे महिन्यात आणून उभं केलं होतं.

एवढं सगळं चाललेलं असताना गायकवाड हूं की चूं करत नव्हते.

"दुखत नाही का?"

"दुखतंय की. ओरडून कमी झालं असतं तर ओरडलो असतो."

"मुंडण तिथे चाळीस जणांनी केलंय," स्नेहल म्हणाली. "भाजलं फक्त यांनाच."

मी गोळ्या विचारल्या. तिने पर्समधून यंदाच सुरू झालेल्या बीपीच्या गोळीची स्ट्रिप काढली. त्यात लघवी वाढवून बीपी उतरवणारं औषध होतं. या जातीच्या औषधाने काही जणांची त्वचा उन्हाच्या बाबतीत फार हळवी होते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, म्हणून मी त्यांच्या फिजिशियनशी फोनवर बोलून ती बदलून घेतली.

"आता तुम्ही लिहून द्या," स्नेहल मला म्हणाली. "शिबिर बंद. मी यांना घरी नेते."

गायकवाडांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

"डॉक्टर, माझी ही तिसरी खेप आहे. पहिल्यांदा ऑफिसचा फोन आला आणि मी उठून गेलो. दुसऱ्यांदा भूक सहन झाली नाही. दोन्ही वेळा चीवर उतरवताना फार वाईट वाटलं. या खेपेला नोकरी नाही, भूकही आवरलीय. आता डोकं भाजलं म्हणून उठलो, तर पुन्हा बसायचं धाडस माझ्याच्याने होणार नाही."

घरी पाठवणं सोपं होतं. फोड फुटून जंतू शिरले किंवा ताप चढला, तर या वयात ॲडमिट करावं लागलं असतं आणि जबाबदारी माझी होती. पण माणूस खरं बोलत होता. मी अटींवर कबूल झाले. ताप, चक्कर किंवा पू दिसला तर त्याच दिवशी चीवर उतरवायचं. बर्फ लावायचा नाही, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या. फोड फोडायचे नाहीत. आपोआप फुटला तर साधं व्हॅसलिन.

"आणि दुखण्याची गोळी दिवसातून तीनदा, जेवणानंतर," मी सवयीने म्हणाले.

"जेवण एकदाच. बाराच्या आत."

मी लिहिलेलं खोडलं. पॅरासिटामॉल उपाशीपोटीही चालते, ती दिली. पाण्याला बंदी नव्हती, ते भरपूर प्यायला सांगितलं.

"आणि ऊन नको. बाहेर पडावंच लागलं तर छत्री घ्या."

"छत्री नाही माझ्याकडे."

"मग मागून घ्या कुणाकडून तरी."

"मागता येत नाही. कुणी आपणहून दिली तरच घ्यायची."

मी शिबिराच्या प्रमुख भन्तेंना फोन लावला. ते म्हणाले, "आजाऱ्याला सवलत असते. डोक्यावर कापड घेऊ देत. फेरीही आपण लवकर काढू. पण मागायचं नाही, ते त्यांचं बरोबर आहे."

स्नेहल मोबाइलवर टाइप करत होती. मला वाटलं, ऑफिसला रजा कळवत असेल.

दोन दिवसांनी सकाळी मी क्लिनिक उघडत होते आणि समोरच्या रस्त्याने भिक्षेची फेरी आली. एकामागे एक, अनवाणी, खाली नजर, एका हातात भिक्षापात्र. दुसऱ्या हातात प्रत्येकाच्या छत्री. काळ्या, फुलाफुलांच्या, एक सशाचे कान असलेली लहान मुलीची. स्नेहलने कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. एकट्या वडिलांसाठी नाही, सगळ्यांसाठी. बायकांनी माळ्यावरून छत्र्या काढून विहारात नेऊन दान केल्या होत्या. सशाच्या कानांखाली कुणीतरी चांगले मिशीवाले हवालदार असावेत असा चेहरा होता, फक्त मिशी मुंडणात गेली होती. एरवी मी हसले असते. त्या वेळी किल्ली कुलपातच ठेवून मी पायरीवर उभी राहिले. बिबवेवाडीत कुणी हॉर्न वाजवत नाही, असं मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं. गायकवाड मध्यावर होते, गुलाबी छत्रीखाली.

शिबिराच्या नवव्या दिवशी ते तपासणीला आले. ताप नव्हता, पू नव्हता. वरची त्वचा पापुद्र्यासारखी सुटत होती. मी डर्मोस्कोप लावला, म्हणजे त्वचा मोठी करून स्क्रीनवर दाखवणारं दिव्याचं भिंग, आणि खुर्ची पुढे ओढली.

केसाचं प्रत्येक मूळ खोल असतं. वरची त्वचा जळते तेव्हा त्या मुळाशी लपलेल्या पेशी शाबूत राहतात. त्या वर चढतात, कडेकडेने पसरतात आणि शेजारच्या मुळातून आलेल्यांना जाऊन भिडतात. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आता ते समोर होतं. प्रत्येक छिद्राभोवती कोवळ्या गुलाबी त्वचेचं एक वर्तुळ, आणि बहुतेक वर्तुळं एकमेकांना टेकलेली. इतकी वर्षं या कामात आहे, पण मला भक्तिभाव वाटावा असं फार कमी वेळा होतं. त्या दिवशी वाटला.

"काय दिसतंय?" गायकवाडांनी विचारलं.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि समजावलं. ते स्क्रीनजवळ वाकले.

"हे कधी झालं?"

"तुम्ही डोळे मिटून बसला होतात तेव्हा."

"पण मी तर काहीच केलं नाही."

"हात लावला नाहीत. तेवढंच करायचं होतं."

त्यांनी हात जोडले. मला नव्हे, स्क्रीनला.

दुसऱ्या दिवशी समारोप झाला. गायकवाड शेवटपर्यंत बसले. आता ते मोठ्या कडेची टोपी घालूनच बाहेर पडतात. माझ्या पुण्यात मुली डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळतात आणि त्यांचे वडील उघड्या टकलाने भाजी आणायला जातात. त्यांनाही मी हेच सांगते. केस विरळ असतील तर टोपी घाला, भांग रुंद असेल तर त्यावर सनस्क्रीन लावा.

आणि तरीही भाजलंच, तर सावली द्या, पाणी प्या आणि हात खिशात ठेवा. चीवराला खिसा नसतो. हात आवरणं गायकवाडांना फार जड गेलं असणार.