काचेपलीकडचा नाग

अण्णांच्या मागोमाग या चैत्रात आईही गेली. घर आवरून झालं तरी दमणूक जात नाही. अशा वेळी तो प्रवास आठवतो.

आमच्याकडं नागपंचमीला काही चिरत नाहीत, तळत नाहीत. एका पंचमीला अचानक पाहुणे आले आणि आईनं विळी घेऊन दोडके चिरले. पुढच्या आठवड्यात बेळगावजवळ अनगोळच्या आमच्या घरात माझ्या धाकट्या भावाला झोपेत साप चावला. पहाटेपर्यंत तो गेला. कंदिलाच्या उजेडात आईला मोरीकडं सरकणारं एक लांबट अंग तेवढं दिसलं होतं. आपण विळी धरली म्हणून नाग कोपला, हे तिनं मनात घेतलं ते घेतलंच.

माझे वडील, अण्णा, वकील. त्यांना हे पटत नसे.

"फडा होता का त्याला?"

"न्हाय."

"मग तो नाग नव्हेच. मण्यार असणार."

आई जेवण अर्ध्यावर टाकायची. दोन वर्षं असं चाललं. शेवटी खरा नाग दाखवला की हिची खात्री पटेल, म्हणून अण्णांनी आम्हा दोघींना दूर दक्षिणेतल्या एका संस्थानच्या प्राणिबागेत न्यायचं ठरवलं.

"मला साक्षीला उभं करतासा व्हय?" आई म्हणाली, पण आली.

रात्रभर गाडीत अवघडून आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सुसरी चिखलात पडून होत्या. बेडकांच्या हौदाकाठी आई थोडी टेकली. मग सापांची खोली. काचेवरची पाटी कानडीत होती, ती अण्णांनी वाचून दाखवली. आत नाग होता. कोपऱ्यात सैल पडलेला, मळकट, दोरीसारखा.

"फडा कुठाय?" आईनं विचारलं.

अण्णांनी छत्रीच्या टोकानं काच वाजवली. राखणदार कानडीत ओरडला. नाग जरासा सरकला, तसाच, जमिनीसरसा.

"असाच हुता," आई हळूच म्हणाली. "अगदी असाच गेला मोरीत."

"अगं, तो चिडल्यावरच फडा काढतो," अण्णा बोलून गेले आणि थांबले. दोन वर्षांचा त्यांचा सगळा युक्तिवाद त्या वाक्यात संपला होता. शेजारच्या काचेत मण्यार होती. तिकडं आईनं पाहिलंही नाही.

परतीच्या गाडीत शिदोरी आईच्या मांडीवर बांधलेलीच होती. धारवाड मागं पडल्यावर अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या दिवशी दोडका चिर असं मीच सांगितलं होतं तुला."

त्या पंचमीला अण्णा एका दाव्यासाठी निपाणीला होते. संध्याकाळी परतले तेव्हा पाहुणे जेवून गेले होते. हे मला ठाऊक होतं, आईलाही.

तिनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालासा."

मग तिनं शिदोरीची गाठ सोडली. एक भाकरी अण्णांना दिली, एक मला, आणि तिसरी स्वतः खायला घेतली. सावकाश खात होती. बेळगाव यायच्या आत तिनं ती संपवली.