धावपट्टीवरची रास

परवा धावपट्टीवर ज्वारीच्या भुसाचा वास आला आणि मी बूट काढले.

काही वर्षांपूर्वी फ्लाइंग स्कूलसाठी जागा शोधत तासगावकडच्या या तेव्हा ओसाड धावपट्टीवर पहिल्यांदा आलो, तेव्हा मधोमध ज्वारीची रास होती. तिवईवर उभ्या असलेल्या एक मावशी सुपानं उफणत होत्या. मी वारा मोजायचं यंत्र घेऊन थेट राशीपाशी गेलो. वारा पट्टीला आडवा असता तर जागा बाद. शिकाऊ पोरांना तसा वारा झेपत नाही.

"आवं, पायताण काढा आदी! रास हाय, लक्षुमी हाय ती."

मी ओशाळून बूट काढले.

"त्यात काय बघताय?"

"वारा कुठून येतो ते."

"मग मला इचारा की! लगीन झाल्यापास्नं हितंच उफणतीया. दुपारी मावळतीचंच वारं. आडवं कवा न्हाई."

त्यांनी सूप उंच धरलं. दाणे पायाशी पडले आणि भूस पट्टीच्या पुसट पांढऱ्या रेघेवरून, दोरी ताणावी तसं, सरळ निघून गेलं. मी बघतच राहिलो. यंत्र सुरू करायचं राहूनच गेलं.

आता तिथं विमानं उतरतात. परवा एका शिकाऊ मुलीनं विचारलं, "सर, अनवाणी का?"

"रास आहे," मी म्हणालो.