पुढे उभं राहणाऱ्याचा स्वेटर

भालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेंभी नाक्यावर रिक्षाची वाट बघत होते. त्याच्या मेव्हण्याने सांगितलं, मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. गिऱ्हाइकाने मशीन बंद पडल्याचं कळवावं आणि आपण तक्रार नोंदवून घ्यावी, तसं. मग रिक्षा आली, मी ऑफिसला गेले. आता काही आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही. त्याची मला लाज वाटते.

भालू आंबिवलीचा, मी डोंबिवलीची. मोठ्या कार्यालयांचा डेटा साठवणारी यंत्रं बसवायची आणि अडली की चालू करून द्यायची, हे आमचं काम, वर्षानुवर्षं जोडीने केलेलं. चार यंत्रं एकत्र बांधायची. एक पडलं तर बाकीच्यांनी त्याचं काम उचलायचं, कुणाचं काही अडता कामा नये. असं सगळेच सांगतात. भालू ते करून दाखवायचा. गिऱ्हाइकाला समोर उभं करून चालू यंत्राची केबल उपटल्याशिवाय काम संपलं असं तो म्हणायचाच नाही. मी यंत्रांच्या कपाटापुढे त्यांचे दिवे बघत उभी, तो मागे केबलपाशी. पंख्यांचा आवाज इतका, की दोन हातांवर असून आम्ही फोनवर बोलायचो. "बाई, काढू का?" "काढ रे." पुढच्या बाजूला एसीचा गारठा असतो आणि मी काही गरम न्यायला हमखास विसरायचे, म्हणून त्याचा मरून रंगाचा स्वेटर माझ्याच अंगावर असायचा. भर मे महिन्यात स्वेटर घेऊन फिरतो म्हणून सगळे त्याला हसायचे.

कल्याणच्या एका पतपेढीत त्याने विजेच्या दोन लाइनींपैकी एक बंद केली आणि चारही यंत्रं एकदम गप्प. इलेक्ट्रिशियनने दोन्ही जोडण्या एकाच लाइनवर दिल्या होत्या. मॅनेजर तडकले, "चालू गाडीचं चाक कशाला काढता हो तुम्ही?" भालू मात्र खूश. "साहेब, आपण समोर असताना पडलं ते बरं. कुणी नसताना पडलं असतं तर काय केलं असतं?"

तो स्वतः पडला तेव्हा समोर कुणी नव्हतं. सकाळी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसला होता. वहिनी चहा घेऊन आल्या तोवर सगळं संपलं होतं. "आतच होते गं मी... आतच होते," मी भेटायला गेले तेव्हा एवढंच त्या म्हणत होत्या. निघताना म्हणाल्या, "यांचा स्वेटर कुठल्यातरी कामावर राहिलाय. आणशील?"

स्वेटर ठाण्याच्या एका हॉस्पिटलात राहिला होता. तिथलं सगळं झालं होतं, चाचणी तेवढी राहिली होती. तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे साठेसाहेब फोन करत होते आणि मी टाळत होते. चाचणीशिवायच सही द्यायला ते तयार होते. पण भालूचं शेवटचं काम असं गुंडाळणं माझ्याच्याने होईना. शेवटी गेले. साठ्यांना पुढे उभं केलं आणि त्याच्या जागी मागे गेले. गरम हवा तोंडावर येत होती. फोन लावला आणि तोंडातून निघालं, "बाई, काढू का?"

"काय म्हणालात?"

"काही नाही. काढते."

केबल काढली. थोड्या वेळाने साठे आनंदाने ओरडले, "मॅडम, एक दिवा लाल झाला, बाकी काही झालंच नाही! वर वॉर्डात कुणाला कळलंसुद्धा नाही!"

हेच ऐकायला तर आम्ही दोघं इतकी वर्षं धडपडत होतो. मी केबल हातात धरून तशीच उभी राहिले. कुणाला तरी कळायला हवं होतं, असं वाटत राहिलं. मग केबल परत लावली, सही घेतली, दारामागच्या हुकावरून स्वेटर काढून पिशवीत टाकला.

बाहेर दुपारचं ऊन मी म्हणत होतं. रिक्षात बसल्यावर मी तो स्वेटर पिशवीतून काढून अंगात घातला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"ताई, ताप आहे का?"

"नाही हो," मी म्हटलं. "थंडी वाजतेय."