वच्छलाबाईंनी हात लावला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसले तेव्हाही नाही — तिथं तर मी जास्तच गप्प राहिले. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट छातीतल्या गाठीची आहे. बाईमाणसानं असं लिहावं का, असं तुम्हाला वाटेल. आमच्यात त्या जागेचं नाव घ्यायचीही लाज. पण नाव न घेता हे सांगता येत नाही. आणि लाज वाटावी असं यात जे आहे, ते दुसरंच आहे.

लग्न होऊन मी केनवडला आले तेव्हा चौदा वर्षांची होते. सतराव्या वर्षी माझी शांता झाली. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. घरात सासूबाई — त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो — थोरले दीर, त्यांची बायको वच्छलाबाई, आणि आम्ही दोघं. वच्छलाबाईंचा मुलगा आदल्याच वर्षी गेला होता, अवघा बारा दिवसांचा. तो का गेला, कुणालाच कळलं नाही. आत्याबाई मात्र येता-जाता म्हणायच्या, "हिचं दूधच वाईट व्हतं." वच्छलाबाई ऐकून घ्यायच्या, हातातलं काम चालू ठेवायच्या.

शांता आठ दिवसांची झाली आणि माझ्या डाव्या बाजूच्या बोंडाला चिरा पडल्या. ती तोंड लावायची तेव्हा डोळ्यांपुढे काळोख यायचा. मी काय केलं? त्या बाजूनं पाजायचं सोडूनच दिलं. आत्याबाई रोज विचारायच्या, "दोन्हीकून पाजतं ना व?" मी म्हणायची, हो. खरं सांगायची भीती होती. एका सुनेचं दूध वाईट ठरलंच होतं — माझंही ठरलं तर?

चार-पाच दिवसांत डावी बाजू दगडासारखी झाली. आत हाताला गाठ लागायची, लिंबाएवढी. वरची कातडी लाल, तापलेली. अशी गाठ मी ऐकून होते. आमच्याच गल्लीतली एक बाई छातीच्या गाठीनं गेली होती. शेवटी तिच्या खोलीत कुणी जात नव्हतं, असं बायका सांगायच्या. मी पोरीकडे बघायची आणि वाटायचं, ही बिनआईची होणार, माझ्यासारखी. बाजेवर पडल्या-पडल्या दर घटकेला हात पदराखाली जायचा — गाठ आहे का, वाढली का, अजून आहे का?

एका दुपारी वच्छलाबाई शेगडीत निखारे घालायला खोलीत आल्या आणि मला तसंच रडताना त्यांनी पाहिलं.

"काहून रडून राह्यली, गंगू? मले सांग."

मी नुसता पदर बाजूला केला. त्यांनी बोटांनी हळूच चाचपून पाहिलं. किती हलका हात होता! आणि मग, त्या बाळंतिणीच्या खोलीत, त्या चक्क हसल्या.

"अवं, हे दूध गोठलं. मरत नाही तू. माह्या छातीत बी असेच गोटे झाले व्हते — पेणारा नव्हता ना." त्यांनी शेगडी बाजेजवळ ओढली. "गरम फडक्यानं शेक. वरतून खाली असं चोळ. आन् पोरीले आधी त्याच बाजूनं पाज. दुखते, पण सोडू नको."

त्यांनी स्वतः शेकून दिलं, चोळून दिलं. चिरांवर लोणी लावलं. मग शांताला उचलून माझ्या कुशीत ठेवलं आणि ती पीत होती तोवर माझा हात धरून बसल्या. लेकरू गेल्यापासून त्यांनी कुणाचं मूल उचललेलं मी पाहिलं नव्हतं. हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. पुढचं ऐकताना हे माहीत असायला हवं.

दुसऱ्या दिवशी सुईण मला तेल लावायला आली. तिनं गाठ पाहिली आणि आत्याबाईंना हाक मारली. आत्याबाईंचा चेहरा उतरला. "पोरीले पाजत नव्हती काय व तू?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पाजते, दोन्हीकडून. "मंग हे आलं कुठून? कोनं पायलं? कोनं हात लावला तुले?"

मी गप्प राहू शकले असते. खरंही सांगू शकले असते — फार तर चार शिव्या खाल्ल्या असत्या. पण मी म्हणाले, "वच्छलाबाईंनी हात लावला होता."

त्यात खोटं काय होतं? शब्द एकही खोटा नव्हता. आजवर मी स्वतःला हेच सांगत आले, आणि ते कधी पटलं नाही. ते वाक्य कुठं जाऊन लागणार आहे, हे बोलताना मला पुरतं ठाऊक होतं.

त्या दिवशी घरात काय-काय बोललं गेलं ते मी भिंतीआडून ऐकलं. मूल खाणारी, वाईट नजरेची — सगळं ऐकलं. थोरले दीर एक शब्द बोलले नाहीत. वच्छलाबाईही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा भाऊ मालेगावाकडून बैलगाडी घेऊन आला. निघताना त्या माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. उंबरा ओलांडला नाही. बाहेरूनच म्हणाल्या, "त्याच बाजूनं पाज, गंगू. दुखलं तरी सोडू नको."

कुणाच्या तोंडून निघालं, हे त्यांना कळलं होतं का? कळलंच असणार. मी पोरीकडे बघत राहिले. मान वर केली नाही.

आणि मग त्यांनी सांगितलं होतं तसंच मी करत गेले — चोरून, पदराआड. शेकलं, चोळलं, दात आवळून पाजलं. पाच-सहा दिवसांत गाठ विरघळली. आत्याबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवलं. "पायलं? ते गेली तशी गाठ बी गेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. घाबरून नव्हे हं. गाठ गेली होती, आता कशाची भीती होती? तरीही हलवली. वच्छलाबाईंच्याच उपायानं मी बरी झाले, आणि तोच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला.

वर्षभरानं त्यांना परत आणलं — कापूस वेचायला माणसं कमी पडत होती म्हणून. पण तोवर गावभर झालं होतं. कुणाच्या घरी बारसं असलं की त्यांना बोलावणं नसायचं. वाटेत लेकुरवाळी दिसली की त्या स्वतःच बाजूला होऊन उभ्या राहायच्या. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. माझ्याशी त्या वाईट वागल्या नाहीत, माझ्या पुढच्या तिन्ही बाळंतपणांत रांधून वाढलं; पण खोलीत पाऊल टाकलं नाही. शांता रांगत त्यांच्याकडे जायची. त्या हात मागे घ्यायच्या. बोलायला लागल्यावर ती त्यांना 'मोठी माय' म्हणू लागली.

आत्याबाई वारल्या. मग घरात मोठ्या वच्छलाबाईच होत्या, आणि मी. एका चुलीपाशी आम्ही किती वर्षं बसलो! सांगायला वेळ नव्हता, असं मी म्हणूच शकत नाही.

शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या सकाळची गोष्ट. आत सुईण होती, मी होते, शेजारच्या दोघी होत्या. वच्छलाबाई अंगणातल्या चुलीवर पाणी तापवत होत्या, दाराकडे पाठ करून. मूल रडलं. त्यांनी पाण्याचं भांडं आणून उंबऱ्यापाशी ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकल्या. आत पाहिलं नाही. शांतानं बाजेवरून विचारलं, "मोठी माय कुठं हाय?"

शेजारच्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "या, बाई, आत या" — एवढंच म्हणायचं होतं. आत्याबाई नव्हत्या, मला अडवणारं कुणी नव्हतं.

मी वाकून भांडं आत घेतलं, आणि दार ओढून घेतलं.