मामाचं चिलखत, काकीचा दिवा

माझ्या आईचा थोरला भाऊ मुंबईला गोदीत कारकून होता. आयुष्यभर साहेबापुढे त्याने मान वर केली नाही. निवृत्त झाल्यावर तो कुठल्याशा प्रार्थनाशिबिराला गेला आणि तिथून थेट सेनापती होऊनच परतला. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत अशा शिबिरांचं मुंबईत पेव फुटलं होतं. मे महिन्यात मामा मालवणजवळच्या आमच्या ख्रिस्ती वाडीत उतरला, तेव्हा एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात बायबल आणि पायांत काळे चकचकीत बूट होते. किनाऱ्यावरच्या वाळूतून तो ते बूट घालूनच चालायचा. आम्ही तोंड फिरवून हसायचो.

संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली, की तो आम्हाला देवाचं चिलखत समजावून सांगे. बायबलातल्या एका पत्रात प्रेषिताने लिहिलेलं ते सगळं: कंबरपट्टा, ढाल, शिरस्त्राण, तरवार. तरवारीवर तर तो रंगून बोलायचा. त्याच पत्रात, तिथेच, आपलं झगडणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि त्या चिलखतातली पादत्राणं शांतीची सुवार्ता घेऊन जाण्यासाठी आहेत. या दोन्ही ठिकाणांवरून मामाची गाडी न थांबता पुढे जाई. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, म्हणून एकदा धीर करून विचारलं. "शिकलेल्यांना सैतान आधी गाठतो," तो म्हणाला आणि आईकडे दयेने पाहिलं.

माझ्या लेखी आपल्या धर्मातलं युद्ध अगदी घरगुती आहे. सकाळी उठल्यापासून स्वतःच्या रागाशी, हावेशी, जिभेशी. त्यात हरल्याचं कुणाला दिसत नाही आणि जिंकलं तर कुणी हार घालत नाही. जुन्या करारात लढाया ढीगभर आहेत, नाही कोण म्हणतं? पण ज्याच्या नावाने आम्ही क्रुसाची खूण करतो, त्याने स्वतःला पकडायला आलेल्यावर शिष्याने उगारलेली तरवार म्यान करायला लावली आणि समोरच्याचा तुटलेला कान बरा केला. मामाला असलं युद्ध परवडणारं नव्हतं. त्याला शत्रू हवा होता, तोही चालत जाण्याच्या अंतरावर.

तो त्याला सापडला शेजारच्या काकीत. काकी मासेमारी करणाऱ्या गाबितांच्या वाडीतली, हिंदू. माझ्या लहानपणी एकदा तिच्या नवऱ्याची होडी वादळात सापडली होती, ती सुखरूप आली, म्हणून ती दर शुक्रवारी आमच्या वाडीच्या खुरसाखाली, म्हणजे क्रुसाखाली, तेलाचा दिवा लावायची. आमच्या मेणबत्त्या आणि तिचा दिवा शेजारी शेजारी जळायचे. पाद्रीबाबांनीही कधी हरकत घेतली नव्हती. लादीनीला, म्हणजे खुरसापुढे गाऊन होणाऱ्या प्रार्थनेला, ती यायची, शेवटच्या ओळीत हात जोडून उभी राहायची आणि वाटलेले उकडलेले चणे ओच्यात घेऊन जायची.

त्या शुक्रवारी लादीन चालू असताना मामा पुढे झाला. सगळ्यांदेखत त्याने तिचा जळता दिवा फुंकून विझवला, पितळी समई असल्यासारखा मोठ्या थाटात उचलला आणि हे युद्ध आहे, असं जाहीर केलं. मातीची एवढीशी पणती ती. काकी चणे न घेता घरी गेली. आमच्यापैकी कुणीही मामाला अडवलं नाही, आणि त्याची मला आजही चीड आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच रापण लावली होती. रापणीचं जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावरून ओढतात. एक दोर आमचा, दुसरा गाबीत वाडीचा. उजाडलं तेव्हा आमच्या दोरावर सगळी वाडी होती. त्यांचा दोर ओल्या वाळूवर नुसता पडून होता. एका बाजूने ओढलं तर जाळं दुमडतं आणि मासे मोकळे होतात. मामा बूट भिजू नयेत एवढ्या अंतरावर उभा राहून प्रार्थना करत होता.

माझे बाबा काकीच्या घरी गेले. काकीचा नवरा अंगणात बसला होता.

"जाळा पाण्यात आसा," बाबा म्हणाले. "चुकला आमचा. येतंस मा?"

"जाळ्यान काय केल्यान?" म्हणत तो उठला. त्याच्यामागून त्यांची सगळी माणसं आली.

बांगडा बरा मिळाला. रापणीच्या दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला, वाटसरू असला तरी, वाटा मिळतो, ही आमच्याकडची रीत. मामाही पिशवी घेऊन आला.

"दोराक हात लावलास?" बाबांनी विचारलं.

मामाने पिशवी तशीच पुढे धरली. शेवटी काकीच्या नवऱ्यानेच आपल्या वाट्यातले चार बांगडे त्याच्या पिशवीत टाकले. "पावणो आसा, रिकामो कित्याक जातलो," तो म्हणाला. मामाने घेतले. लाज नावाचं शस्त्र त्याच्या चिलखतात नव्हतं.

दुपारी जेवायला बसल्यावर मामाने डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले: शत्रूला नमवून आमच्या दोरावर आणलंस, विजय दिलास. आई थोरल्या भावापुढे कधी आवाज चढवत नसे. त्याही दिवशी चढवला नाही. त्याच्या पुढ्यातलं ताट तिने उचललं.

"हे मासे त्याच शत्रूचे," ती म्हणाली. "तुझ्या घशाखाल जावचे नाय. दिवो खंय ठेवलंस?"

ट्रंकेतून निघाला. वातीसकट, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाखाली.

आईने पणती पदराखाली धरून काकीकडे नेली. मीही गेले. काकीने ती हातात घेतली, आम्हाला बसवलं, चहा दिला. रापणीला त्यांची माणसं त्यानंतरही येत राहिली, दोर ओढत राहिली.

खुरसाकडे मात्र काकी पुन्हा कधीच आली नाही. मामा जून लागायच्या आत मुंबईला गेला. त्याने युद्ध जिंकलं होतं. त्यानंतर दर शुक्रवारी तिथे फक्त आमच्याच मेणबत्त्या जळायच्या.