मीटरनं बाद केलेलं गाणं

लोक ज्याला मीटर म्हणतात तो माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. चुलत नाही, मानलेला नाही. आमच्या घरात नाव काढण्यासारखी दोनच माणसं निघाली, एक मी आणि दुसरा तो, आणि दोघांत तो जरा वरचढच. हे मी दुसऱ्या कोणाबद्दल कबूल करायचो नाही. माझं शिक्षण सातवी. पण क्रेनवर बसलो की पत्र्याचा गठ्ठा असा खाली ठेवतो की खाली कोणी झोपलं असेल तर उठायचं नाही. कारखान्यात कोणालाही विचारा.

कारखाना पत्र्याच्या डब्यांचा. मी क्रेनवर, तो प्रेसवर. प्रेस म्हणजे वरून ठोका पडतो आणि सपाट पत्र्याचं झाकण होऊन बाहेर येतं. दिवसभर तेच. धाड, फिस्स, खण्ण. बाकीची माणसं त्या आवाजाला शिव्या घालतात. माझा भाऊ मान डोलवायचा. कानात घालायला कंपनी रबरी बोळे देते, ते ह्यानं कधी घातले नाहीत. सुपरवायझर समोर आला की कोंबायचा, तो वळला की परत खिशात.

"अरे घाल की," मी म्हणायचो.

"दादा, बोळे घातले की गाणं बंद पडतं."

गाण्याचं हे वेड त्याला 'गंज'नं लावलं. गंज म्हणजे एक बँड. गिटार होती, पण तिच्या जोडीला हातोडे, लोखंडी पिंपं, ड्रिल मशीन, वाफेच्या शिट्ट्या, असलं सगळं वाजवायचे. गायक गायचा म्हणजे शिफ्ट सुटल्यावर माणूस गेटवर ओरडतो तसा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, हे ऐकायला लोक तिकीट काढतात? आम्हाला तर हेच ऐकायचा पगार मिळतो! भाऊ हसला नाही. त्यानं मला शेजारी बसवलं आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं, 'पाळी बदलत नाही'.

"पिंपाकडे लक्ष देऊ नको, दादा. गिटारकडे पण नको. पार मागं जा. बारीक शीळ चाललीये बघ. नळीतून हवा सुटते ना, तशी."

गेलो मागं. होती. सुईएवढी. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत. एकदा ती सापडली की कळतं, अख्खं गाणं तिच्यावर टांगलंय. बाकी सगळा दणदणाट म्हणजे त्या शिळेवर वाळत घातलेले कपडे. ऐकणाऱ्यांमध्ये ती शीळ पहिल्यांदा शोधली माझ्या भावानं. दुसऱ्या कोणी शोधली असेल तर त्यानं समोर यावं.

बँड पुढे फुटला. गायक कुठे गेला कोणाला पत्ता नाही. पण ऐकणारे फुटले नाहीत. वायरमनच्या दुकानात रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून बैठक बसायची. वायरमन घरोघरच्या वायरी ओढायचा, आणि उरलेल्या वेळात जुन्या कपाटांच्या फळ्यांचे स्पीकर बनवायचा. दुसरे मास्तर, शाळेत भूगोल शिकवणारे. तिसऱ्या नर्सताई, ड्यूटी उरकून तशाच यायच्या, चपला काढून पाय स्टुलावर टाकायच्या. चौथा माझा भाऊ. मी आपला भावाच्या बाजूचा म्हणून.

काय भांडायचे! मास्तर म्हणायचे, गंज पहिल्या दोन वर्षांतच संपला, पुढं नुसती कटकट. नर्सताई म्हणायच्या, "मास्तर, तुम्हाला फळा खरवडलेला चालतो, ड्रिल चालत नाही?" कव्हरवरून तर हातघाईवर यायचे. दुसऱ्यांनी वाजवलेलं गंजचं गाणं आलं की वायरमन खूश, मास्तर नाराज. एका मुलीनं 'पाळी बदलत नाही' नुसत्या पियानोवर वाजवलं होतं, सावकाश, रडत रडत. वायरमनच्या डोळ्यांत पाणी.

मास्तर म्हणाले, "ही पाळी बदलून घरी जाऊन झोपली सुद्धा."

"कव्हर म्हणजे झेरॉक्स नव्हे, मास्तर. वेगळं करायचा हक्क आहे तिला."

"वेगळं करा की! पण मग स्वतःचं करा."

शेवटी सगळे माझ्या भावाकडे बघायचे. तो डोळे मिटून म्हणायचा, "चांगलंय. पण शीळ नाही." संपला विषय. म्हणून त्याचं नाव मीटर. वायरमननंच ठेवलेलं. मीटरनं आकडा दाखवला की पुढं बोलायचं नाही.

खरं सांगतो, त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. लग्नाचं जमलं नाही, आई गेल्यावर घरात आम्ही दोघं आणि माझी बायको. प्रेसवर त्याच्यासारखे ढिगानं मिळतात. पण रविवारी दुपारी त्या दुकानात त्याच्याएवढा मोठा माणूस नव्हता.

मग बातमी आली. गंजचा ड्रमवाला, ज्याला सगळे पिंपवाला म्हणतात, तो जुन्या लोकांना घेऊन शेवटचा एक कार्यक्रम करणार. आणि ठिकठिकाणच्या चाहत्यांच्या मंडळांनी आपापलं एकच कव्हर पाठवावं, तो स्वतः ऐकेल, ज्यांचं आवडेल त्यांना आपल्या आधी स्टेजवर वाजवायला बोलवेल.

त्या दिवसापासून भावाचं जेवणात लक्ष लागेना. "दादा, आपण वाजवायचं. खऱ्या मशीनवर."

माझा शब्द कारखान्यात चालतो. सुपरवायझरला मी पटवलं, सुट्टीच्या दिवशी शेड उघडून घेतली. वायरमन रेकॉर्डिंगचं सामान घेऊन आला. ठोका प्रेसचा, खणखणाट रिकाम्या डब्यांचा. आणि शीळ? शीळ माझी. कॉम्प्रेसरच्या नळीच्या तोंडावर मी अंगठा दाबून धरायचा आणि केसाएवढी फट ठेवायची. क्रेनचा हात आहे, थरथरत नाही. सुरेख शीळ लागली.

"मोठी कर, दादा."

केली.

"अजून. पोचत नाही."

वायरमन म्हणाला, "अरे, कानाचे पडदे फाटतील."

"तुला काय कळतंय? अजून मोठी!"

मी वायरमनला डोळा मारला. म्हटलं, बघ, कलाकार आहे, ह्याचं समाधान असं लगेच होत नसतं. अंगठा बधिर होईपर्यंत मी हवा सोडत राहिलो.

मंडळात तशी तीन-चार कव्हरं जमली. मास्तरांनी शाळेतल्या वर्कशॉपच्या शिपायाला धरून एक केलं, नर्सताईंच्या भाच्यानं एक केलं. निवडायची पद्धत आमच्या बैठकीची जुनीच. सगळ्यांनी स्पीकरकडे पाठ करून बसायचं, एकमेकांची तोंडं बघायची नाहीत, गाणं कोणाचं ते वायरमननं सांगायचं नाही. ओळख पटू नये म्हणून त्यानं सगळ्यांतलं गाणं म्हणणं काढून टाकून नुसतं वाजवणं ठेवलेलं. आणि एकानं जरी 'नाही' म्हटलं की गाणं बाद. हा नियम माझ्याच भावानं घातलेला. जे सगळ्यांना पटत नाही ते गंजचं नाही, असं त्याचं म्हणणं.

पहिलं लागलं. भाऊ म्हणाला, "नाही. शीळ नाही."

दुसरं लागलं. पहिला ठोका पडला आणि माझ्या अंगठ्याला मुंग्या आल्या. आमचं! शीळ अशी सरळ चालली होती, मूळ गाण्यात आहे तेवढीच, ना कमी ना जास्त. मी ओठ घट्ट मिटून बसलो, हसू फुटू नये म्हणून. मास्तर म्हणाले, "हो." त्यांच्या तोंडून 'हो' निघणं म्हणजे काय ते त्या दुकानातल्यांना विचारा. नर्सताई म्हणाल्या, "अगं बाई! हो, हो, हो." मी तर हो म्हणणारच.

आणि भाऊ म्हणाला, "नाही."

मला वाटलं, मस्करी करतोय.

"ह्यात काय आहे? नुसता दणदणाट. पिंपं बडवली म्हणजे गंज होतो का? ज्यानं कोणी केलंय त्यानं मूळ गाणं नीट ऐकलेलंच नाही. शिळेचा पत्ता नाही. बहिरा आहे का तो? पुढचं लाव."

वायरमननं गाणं थांबवलं.

"मीटर," तो म्हणाला, "तुझंच आहे ते."

"काहीतरी बोलू नको. माझ्यात शीळ आहे."

"आहे की ह्यात. तू फार मोठी घेतली होतीस, मी मूळच्याएवढी केली. एवढंच केलंय."

भाऊ वळला. माझ्याकडे बघितलं. "दादा, शीळ होती?"

मी माझा अंगठा चोळत बसलो.

"मूळ गाणं लाव," तो वायरमनला म्हणाला. वायरमननं लावलं. भाऊ उठून स्पीकरपाशी गेला, कान लावला, मग दुसरा कान लावला. पिंपाचा ठोका पडला की त्याचं डोकं हलत होतं. गाणं संपलं.

"ह्यात आहे?" त्यानं नर्सताईंना विचारलं.

नर्सताई पाय खाली घेऊन नीट बसल्या. रोज माणसांना वाईट बातम्या द्यायची सवय असलेली बाई, पण खाली बघून म्हणाल्या, "आहे रे."

"आत्ता? चालू असताना?"

"पूर्ण वेळ."

मास्तरांनी घसा खाकरला. म्हणाले, "हे बघ, ते 'नाही' आपण धरायचं नाही. तुझं कव्हर सगळ्यांत उजवं आहे. मी म्हणतोय, मी! तेच पाठवू."

"नियम आहे, मास्तर."

"नियम तूच घातलास, तूच मोड."

"मीटर बंद पडलंय," भाऊ म्हणाला, "त्याचं रीडिंग घेऊन काय करता?"

आणि शटरखालून वाकून बाहेर पडला. मी मागोमाग. मागे तिसरं गाणं लागलं नाही.

रस्त्यावर ऊन होतं. तो भराभर चालत होता, मी धापा टाकत. म्हटलं, "अरे, सर्दी झाली असेल. मळ साचला असेल. मला एकदा मळ साचला होता, बायको ओरडायची ते महिनाभर ऐकू आलं नाही, काय सुखाचे दिवस होते!"

हसला नाही. पुलाच्या कठड्यापाशी थांबला.

"दादा, गेल्या रविवारी मूळ गाणं ऐकलं ना आपण, तेव्हा मला शीळ ऐकू आली होती."

"मग झालं तर!"

"तेच तर. आली नव्हती. मला पाठ आहे ती. कुठे सुरू होते, कुठे जरा वर जाते, सगळं. मूळ गाणं लागलं की डोक्यात आपोआप वाजते. मी समजत होतो कानात वाजतेय." मग म्हणाला, "किती लोकांची गाणी मी बाद केली रे? शीळ नाही म्हणून?"

मी आवाज चढवला. म्हटलं, उद्या कानाच्या डॉक्टरकडे, माझ्याबरोबर, तोंड वर करून बोलायचं नाही. माझा भाऊ आहेस, तुला काही होत नसतं. एवढी माणसं बसली होती तिथे, एकाला तरी तुझ्यासारखा कान आहे का? तो ऐकत होता की नाही कोण जाणे. घरी आल्यावर माझ्या बायकोनं त्याला वाढलं. तो ताटावरून तसाच उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला दांडी मारून मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरनं बॅटरी लावून कानात बघितलं. मळ नव्हता. मळ निघाला असता तर मी पेढे वाटले असते. मग एका छोट्या खोलीत बसवलं, कपाटाएवढी, समोर काच. कानांवर हेडफोन. तपासणारी मुलगी काचेच्या अलीकडे मशीनवर बसली होती. ती त्याला म्हणाली, "काका, बारीक आवाज येईल. आला की बोट वर करायचं. अगदी बारीक असला तरी."

त्यानं मान डोलावली. हात गुडघ्यावर ठेवले.

मी तिच्या मागे उभा राहिलो. ती बटण दाबायची, मशीनवर एक लहान दिवा लागायचा. सुरुवातीला दिवा लागला की त्याचं बोट वर. लागला, वर. मी तिला म्हटलं, "बघा, आमच्या घराण्याचा कान आहे." ती म्हणाली, "हे जाड आवाज आहेत, काका. आता बारीक येतील."

दिवा लागला. बोट हललं नाही.

परत लागला. तिनं एक चाक फिरवून आवाज वाढवला. परत लागला. बोट गुडघ्यावर तसंच. तो वाट बघत बसला होता, वर्गात पोरगा प्रश्नाची वाट बघतो तसा, भुवया वर करून. प्रश्न विचारून झाला होता हे त्याला कळत नव्हतं.

मला बघवेना. मी एक पाऊल बाजूला सरकलो, त्याला काचेतून दिसेन असा. तिचं लक्ष मशीनवर होतं. दिवा लागला तसं मी छातीपाशी माझं बोट हळूच वर केलं. त्यानं बघितलं. परत दिवा लागला, मी परत बोट वर केलं, भुवईनं खूणही केली, कर की, कर वर!

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. मग त्यानं डोळे मिटून घेतले.

मुलीनं बटण दाबलं.