आल्प्समधलं अडीच हजारांचं भरीत

धप्, धप्, धप्. लाकडी बडगीत भरीत ठेचण्याचा हा आवाज सत्तर वर्षं माझ्या कानात आहे. छप्पन सालच्या हिवाळ्यात आमची अख्खी गल्ली बैलगाड्यांतून मेहरूण तलावावर जायची. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, शाळेतल्या कविता मोठ्याने म्हणायच्या, झाली सहल!

मंडळी, आज सकाळी पुतण्या सुरेश स्वित्झर्लंडचे फोटो दाखवायला आला. दोन बर्फाचे, बाकी सगळे बिलांचे. "आबा, पाण्याची बाटली पाचशेला! अन् हे भरीत अडीच हजाराला, तेही साखर घालून!"

जळगावच्या वांग्यांवर वाढलेला हा शहाणा आल्प्समध्ये साखर घातलेलं भरीत खाऊन आला, वर मिरवतो! मी म्हटलं, "आज संध्याकाळी तलावावर भरीत करू." तर म्हणाला, "तिथे काय ठेवलंय, आबा?"

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो गेल्यावर बडगी बंबात जाळायला काढून ठेवली.

महागड्या जागी जाऊन आलं की माणूस मोठा होतो का हो?

हे लिहीत होतो तोच दार वाजलं. सुरेशची बायको, हातात पिशवीभर वांगी.

"आबा, आम्हना बठ्ठा येतस तलाववर, पोरं बी, तुम्हना पुतण्या बी. बडगी शे ना अजून?"